आमच्या दुकानातला खलनायक

३ जून
आजपासून कादंबरी. प्रेमकथा, आजच्या तरुणांची. नायक चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतो. उंच, देखणा, घाऱ्या डोळ्यांचा. (मी नव्हे. मीही काउंटरवर असतो, एवढंच साम्य.) नायिका आतल्या खोलीत गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. आमच्याकडेही एक तपासते. योगायोग. कादंबरी तिला वाचायला दिली की काय ते तिचं तिला समजेल. तोंडाने विचारायची भानगडच नको.

६ जून
अर्धं पान. नायकाची उंची वाढवली.
मागे काचा घासणारा काचवाला आज तिच्याशी चक्क बोलला. एरवी त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. ती हसली. माझ्या विनोदांना ती मान हलवते.

१० जून
ठरलं. काचवाल्याला कादंबरीत घालायचं, खलनायक म्हणून. त्याच्यावर बारीक नजर ठेवणार. हा मत्सर नव्हे, अभ्यास आहे.

१२ जून, दुपार
अभ्यास जोरात. ती यायच्या आधी तो तिच्या टेबलावरचा दिवा भिंतीकडे वळवून ठेवतो, उजेड तिच्या डोळ्यांवर येतो म्हणून. तिला सांगत नाही. लबाड. ती गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावते तेव्हा हा घासायचं मशीन बंद करतो, तिला घसा ताणायला लागू नये म्हणून. काम मागे पडतं, मालक सगळ्यांदेखत झापतात, हा मान खाली घालून ऐकतो. कारण सांगत नाही. आतल्या गाठीचा माणूस.
सगळं जसंच्या तसं उतरवलं. एका बैठकीत अख्खं प्रकरण. नुसता जळफळाट होत होता, पण हात थांबेना.

१५ जून
ताईला वाचायला दिलं. (मी तिच्याकडेच राहतो.) म्हणाली, नायक दुकानातल्या पोस्टरवरचा वाटतो. त्याला भूक लागत नाही, शिंक येत नाही, कुणाचा राग येत नाही. मी म्हणालो, तो आदर्श आहे. ती म्हणाली, मग भिंतीवर लाव.
खलनायकाबद्दल मात्र, असा माणूस कुठे भेटतो, म्हणून विचारलं. लग्न झालेल्या बाईने. भावजींच्या कानावर घालावं का, विचार करतोय.

१७ जून
खलनायक नीट वाईट करायचा. त्याला बेढब मिशी लावली. खोकला दिला. ताई म्हणते, खोकल्यामुळे तर त्याची आणखीच काळजी वाटते.

२० जून
ताईला प्रेमकथेतलं काय कळतं? आज थेट डोळे तपासणारीलाच दिलं. सांगितलं, नायकाकडे लक्ष देऊन वाच. उद्या इस्त्रीचा शर्ट.

२१ जून
जेवणाच्या सुट्टीत ती काउंटरपाशी आली. नायक कुणावर बेतलाय ते कळलं नाही, म्हणाली. मी केसांवरून हात फिरवला. तरी कळलं नाही. मग हळूच म्हणाली, "दिवा तो वळवतो? मला वाटायचं, झाडणाऱ्या मावशी वळवतात."
मी म्हणालो, माझं निरीक्षण कधी चुकत नाही. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. कौतुक माझंच असणार.

२४ जून
ती डबा घेऊन मागच्या खोलीत गेली. मशीन सबंध सुट्टीभर बंद. मालकांना मीच आठवण करून दिली की काम मागे पडतंय. आज मालक झापायला तयार नव्हते. म्हणाले, जेवू दे पोरांना.

२७ जून
काचवाला पहिल्यांदाच काउंटरवर आला. हात पुसत उभा राहिला. तिने त्याला माझी पानं दाखवली म्हणे. मला वाटलं, मिशीवरून भांडणार. तो म्हणाला, "तुला बरं लिहिता येतं. मला बोलता येत नाही. पुढच्या प्रकरणात तो तिला काय म्हणतो?"
अजून लिहिलं नाही, म्हणालो. तो हलेना. शेवटी सांगितलं, काही म्हणत नाही, संध्याकाळी तिच्यासाठी दाराशी थांबतो.
दुकान बंद करताना पाहिलं तर खरंच थांबला होता. दोघं बरोबर गेली. कुलूप मी लावलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
घरी आल्या आल्या नायकाला तेच दिलं. शर्ट चुरगळलेला, डोळे साधे, हातात दुकानाची किल्ली. ताईने उभ्या उभ्या वाचलं. म्हणाली, "हा आता खरा वाटतो."
मी विचारलं, मग नायिका शेवटी याला मिळते ना?
ताई म्हणाली, "याला कशी मिळेल?" आणि जेवायला वाढलं.