कॅनडाला, फक्त माशांसाठी

३ डिसेंबर
अन्वरचा फोन. चुलतभाऊ, पण सख्ख्याहून जवळचा. कॅनडात जाऊन बसलाय. म्हणतो, "भाई, या फेब्रुवारीत याच. तळं गोठलं की गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं आणि गळ सोडून बसायचं. खाडीवर बसायचो तसं." इथे सौदीत, दम्मामला आल्यापासून सगळ्या रजा गावी गेल्या. लग्नं, मयती, घराची कौलं. ही एक माझी स्वतःची. जायचंच. बायकोला, शमीमला सांगितलं तर म्हणाली, "दिवसभर फ्रोझन मासळीत असता, तेवढ्याने पोट भरत नाही?"

९ डिसेंबर
पासपोर्ट कंपनीकडे, म्हणून व्हिसासाठी मागायला ऑफिसात गेलो. मॅनेजर पिल्लेसाहेबांनी विचारलं, कशाला? खरं ते सांगितलं. कॅनडा, बर्फातले मासे. बघतच राहिले. "मछली पकडने कनाडा? अच्छा है, इक्बालभाई, अच्छा है।" पासपोर्ट दिला. हसत का होते, कळलं नाही.

१२ डिसेंबर
कळलं. कोल्ड स्टोअरमध्ये जो तो अभिनंदन करतोय. दापोलीचा मजीद बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्यापासून काय लपवता भाई? एजंटाचा नंबर तेवढा द्या." इथे कॅनडा म्हणजे कायमचं जाणं, दुसरा अर्थच नाही. भावाचं लग्न आहे म्हणायला हवं होतं. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. मी गिरमिटासकट वर्णन करून आलो. गाढव.

२० डिसेंबर
सौदी कामगार किती, यावर सरकार कंपन्यांना रंग देतं; आमची अजून पिवळ्यात. हिरव्यात यायचं तर सौदी माणसं वाढवायची, नाहीतर आमचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, अडकणार. आज फैसल म्हणून कतीफचा एक जण माझ्या हाताखाली दिला. "सब सिखाओ इसको," पिल्लेसाहेब म्हणाले, 'सब'वर जोर. स्टोअर इनचार्ज एकच असतो, आणि आज तो मी आहे.

२८ डिसेंबर
सराव! फ्रीजरमध्ये क्रेट उलटा घालून बसलो, हातात दोरी. बोटं बधिर झाली, पण बसवतं. एवढ्यात फैसल आत. वाटलं, आता हाही हसणार. तो दुसरा क्रेट घेऊन शेजारी बसला. चुलत्याची बोट आहे म्हणे कतीफला. आमिष काय लावणार, मासा लागला ते एवढ्या थंडीत बोटांना कळतं का... अर्धं अरबीत, अर्धं मोडक्या हिंदीत. अख्ख्या कंपनीत माझं खरं मानणारा हा एकटा, आणि माझ्या खुर्चीवर बसायला आलेलाही हाच. राग धरायचा कुणावर?

१४ जानेवारी
व्हिसा आला. आनंद झालाच नाही. शमीम रडली. "तुमची नोकरी गेली की तिघांचेही इकामे गेले. सनाची दहावी तोंडावर आलीय." सना ताटातून मान वर न करता, "पप्पा, जस्ट टेल देम यू आर नॉट गोइंग. सिम्पल."

१७ जानेवारी
सांगून पाहिलं. रजा नको म्हटलं. पि.सा. हळहळले. "अरे, कनाडा का काम नहीं हुआ? कोई बात नहीं, फिर ट्राय करो।" म्हणजे गेलो तर पळाला, नाही गेलो तर पुढेमागे पळणार. आणि फैसल तयार झालाय. मीच केलाय. अर्धवट शिकवायचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. जमलं नाही. माल कुठला आधी काढायचा हे चुकीचं सांगायचं म्हणजे मासळी नासवायची.
घरी आल्यावर श. चिडून, "न जाऊनही वाचणार नसेल नोकरी, तर जाऊन तरी या!"

१ फेब्रुवारी
रजेचा अर्ज पुन्हा. एक्झिट रीएंट्री मागितली, जाऊन परत यायची परवानगी. पि.सा. आवाज खाली आणून, "रीएंट्री, या फायनल एक्झिट? सोच लो। चाहो तो फॅमिली के पासपोर्ट भी ले आओ, एक साथ कर देंगे।" रीएंट्रीच, म्हटलं. "मुदीर से पूछना पड़ेगा।" मोठ्या साहेबाला आजवर कधी विचारावं लागलं नव्हतं.

५ फेब्रुवारी
मुदीरचं उत्तर नाही. भीती वाटतेय, उगाच लपवू नये. अन्वरचा फोन: बर्फ हातभर जाड झालाय, पण मार्च लागला की भरवसा नाही. "तारीख सांगा, भाई." उद्या सांगतो म्हटलं. उद्या काय सांगणार...

संध्याकाळी फैसलने स्टोअरला कुलूप लावलं. हल्ली तोच लावतो. चालता चालता त्याने विचारलं, परत कधी येणार? ऑफिसात सगळे कधी जाणार एवढंच विचारतात. मी म्हटलं, "सदीक, दोस्ता, ते तूच सांग."
तो थांबला. खाली बघून इन्शाल्ला म्हणाला. चाव्या त्याच्याच खिशात राहिल्या. मी मागितल्या नाहीत.