मिलिंदच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

२ मार्च १९९७
गाडी आली! मिलिंदनी संगमनेरहून स्वतः चालवत आनली. माझाच ल्योक, पन गाडीवर बसलेला दुसऱ्याच कुनाचा वाटत हुता, एवढा रुबाब. जुन्या जीपचा सांगाडा, त्यात विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलेलं. पुढं शेजारी-शेजारी दोन शिटा, मागं उघडा हौदा. छप्पर न्हाई, दारं न्हाई. म्हनलं बरं झालं, उतरायला सोपं. मला वढ्यापर्यंत फिरवून आनली. पदर तोंडात धरून बसले, हसूच आवरंना. शेजारची गया म्हातारी वरडली, "काय गं नवरी, माहेरी निघालीस का?"

३ मार्च
गाडी घेतली ती सुजातासाठी. माझी नात, मिलिंदची थोरली. यंदा दहावीला बसतीय. आमच्या घरात आजवर बाईमानूस दहावीला बसलेलं न्हाई. मी तर तिसरीतच... जाऊ दे. पेपर राजूरला, मधी खिंड. येष्टी तिथं पोचती तवर पेपर सुरू झालेला असतो. चालत जायचं तर अंधारातच निघावं लागतं. म्हनून गाडी. सुजाता, आन् वाडीतल्या हिरा नि कमळ, तिघी जायच्या.
लिटरला वीस अ‍ॅव्हरेज देती म्हने. गॅरेजवाल्यानी सांगितलं. मी इचारलं, "खिंड चढताना पन वीसच?" मि. म्हनला (आता नुसतं मि. लिहिते, बोटं दुखत्यात), "आये, गाडी काय म्हैस हाय का, डोंगरात नेली का आटायला?"

४ मार्च
गाडीतला डिझेलचा काटा मेलेला हाय. मि. नी बांबूची काठी केलीय. टाकीत बुडवायची, वली कुठवर झाली ते बघायचं. काठीला खाचा. एक खाच म्हंजे राजूरला जाऊन-येऊन. खाचा तिकडं गॅरेजातच मापून मारल्यात. काठी बुडवायचं काम मी मागून घेतलं. आज तीन खाचांच्या वर भरलं. मी अंगनातून वरडले, तीन! शोभा, माझी सून, म्हनली, "आत्याबाई, आधी हात धुवा. कालची भाकर डिझेलची लागत हुती."

७ मार्च
पहिला पेपर, मराठी. सुजाता सकाळी विहारात जाऊन आली. हातावर दही-साखर दिली. शाळेचं निळं पोलकं, पांढरी ओढनी, दोन येन्या. माझी दृष्ट लागंल म्हनून मी तिकडं बघितलंच न्हाई. बघितलं. लई गोड दिसत हुती.
संध्याकाळी तिघी चालत आल्या. पाय धुळीनी भरलेले, पन हसत! निबंध पाठच हुता म्हने, गायीवरचा. मग कळलं गाडी कुठं हाय. येताना खिंडीच्या पायथ्याला बंद पडली. टाकी खडखडीत. निघताना काठीला तीन खाचा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.
बैल लावून वढत आनली. सगळा गाव वाटंला उभा. एकजन म्हनला, "मिलिंदा, बैल लिटरला किती देतो रं?" मि. जेवला न्हाई.

८ मार्च
सुजातानी कोडं सोडवलं. जेवताना ताटात आमटी घेतली आन् ताट तिरकं धरलं. "बघ आजी, आपलं अंगण उताराचं. गाडीचं तोंड वर घराकडं, टाकीचं तोंड मागच्या बाजूला. डिझेल सगळं मागं जमतं आणि आपण काठी तिथंच बुडवतो." बापानी कॅनमधलं उरलंसुरलं डिझेल टाकलं, अंगनात काठी खाचंपर्यंत वली झाली. मग गाडी सडकेवर सपाटीला नेली, परत काठी बुडवली. खालचं नुसतं टोक वलं. मि. "हं" म्हनला. त्याच्या तोंडून हं म्हंजे लई झालं.
आन् वीसचं अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीचं, डांबरी सडकेवरचं. खिंडीत, वाटंत चढलेल्यांची पोती लादून, निम्मं पन न्हाई.
आपलं येडेपन कळलं तरी मला आनंदच झाला बाई. काय डोकं पोरीचं!

१० मार्च
मि. कॅन घेऊन तालुक्याला, अकोल्याला गेला, रिकामा कॅन घेऊन आला. पंपावर टँकरच आला न्हाई. कधी येनार ते कुनी सांगंना. गावातल्या विहिरींच्या इंजिनांतून थोडं थोडं मागून आनलं. लोकांनी दिलं, न्हाई कुनी म्हनलं न्हाई.

११ मार्च
इंग्रजीचा पेपर. बरा गेला. निघताना मि. ला बजावलं, वाटंत कुनाला घेऊ नको. सध्या हिरड्याचे दिवस, जो तो पोती घेऊन राजूरच्या बाजारला निघालेला. आन् आपल्याकडं रिकामी गाडी दिसली का हात करायचा, गाडीवाल्यानी थांबायचं. थांबला न्हाई तर वर्षभर बोलनी. खिंडीत चौघं चढले, पोत्यांसकट. सुजाता घरी येऊन पाय आपटत हुती, "बाबा कुणालाच नाही म्हणत नाहीत!" मि. म्हनला, "तुझा सासरा निघाला त्यातला एखादा तर मग काय करशील?" पोर रडायलाच लागली. मी हसले. हसायला नको हुतं, पन आलं.

१३ मार्च
उद्या भूमितीचा पेपर. तिचा आवडता.
आज काठी सपाटीला बुडवली. अर्धी खाच पन न्हाई. टँकर न्हाईच.
मी म्हनलं, आजच्या येष्टीनी तिघींना पाठव, हिराच्या मावशीच्या खोलीत कशातरी झोपतील. न्हाईतर पहाटे चालत जाऊ दे, मी जाते संगं खिंडीपर्यंत. मि. म्हनला, "दारात गाडी असताना माझी पोरगी पायी जाईल? आधीच बैलावरनं लोक हसत्यात." शोभा बोलली. तिच्यावर वरडला. सुजाता माझ्या कानाशी आली, "आजी, तू सांग ना गं त्यांना." परत सांगितलं. लहानपनी मी नुसते डोळे वटारले का गप बसायचा हा. आता मी बोलते, तो टाकीचं झाकन पुसतो.
रेशनचं राकेल डिझेलात मिसळनार म्हने. तेवढ्यावर पोचू. मी चुलीजवळचा डबा दिला. काय करनार.

१४ मार्च
सकाळची येष्टी आजून यायची हाय. लिहीत बसलेय, हाताला दुसरं काम सुचंना.
आज निघताना मि. नी मला काठी बुडवू दिली न्हाई. म्हनला बघू नको. गाडी चालू झाली तवा पांढरा धूर आला, राकेलाचा. तिघी हौद्यात दाटीनी बसल्या. सुजाता कंपासपेटी पोटाशी धरून. माझ्याकडं बघून हसली, पन तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ चाललं हुतं.
आमच्या अंगनातून खिंडीची वळनं दिसत्यात. पहिलं वळन चढली. दुसरं चढली. मी टाळी वाजवली, येडीसारखी. तिसऱ्या वळनाला धूर थांबला.
शोभाला हाक मारली. दोघी उभ्या राहिलो. गाडी हलंना. तीन निळे ठिपके खाली उतरले. वाटलं, ढकलत्यात. मग ठिपके गाडी सोडून वर निघाले. पळत असतील. लांबून पळनं चालल्यासारखंच दिसतं.
मी "पळ गं बाय" म्हनलं. हळूच म्हनलं, शोभाला ऐकू जाऊ नये म्हनून.
येष्टी आत्ता गेली दारावरनं. गच्च भरलेली, टपावर पन हिरड्याची पोती. मी सडकेवर पळाले, डायव्हरला वरडून सांगितलं, वर पोरी हायेत, पेपर हाय त्यांचा, थांब. त्यानी मान हलवली. व्हय म्हनून हलवली, का रोजच समदे वरडत्यात म्हनून नुसतीच, कळलं न्हाई. पेपर सुरू झाला तरी थोडा येळ आत घेत्यात म्हने.
येष्टी पहिल्या वळनाला हाय. ठिपके वरच्या झाडीत गेले, तिथून म्होरं अंगनातून काही दिसत न्हाई. गाडीजवळ एकटा मि. उभा हाय, कमरेवर हात.
शोभा म्हनली, "आत्याबाई, थांबवील का हो तो डायव्हर?"
येष्टी बी झाडीत शिरली आता.