खिडकीचं माप

॥ श्री ॥

दुर्गापुरा, जयपूर
६ जानेवारी २०२५

चि. निलयला अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला तक्ता मिळाला. जयपूर आणि डब्लिन, दोन्हीकडचं राहणीमान शेजारीशेजारी रकान्यांत. भाजी, औषधं, घरकामाची माणसं, डॉक्टरची फी, ऊन. सगळ्यांत जयपूर पहिलं. इतके गुण तुला शाळेत कधी पडल्याचं मला आठवत नाही. खाली तू निष्कर्षही लिहिला आहेस, की आई-बाबांनी सध्या जयपुरातच राहणं सर्वांच्या सोयीचं. माझी तीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या फायली बंद करण्यात गेली. आपलीच फाइल मुलाच्या हातून इतकी टापटिपीने बंद होऊन येईल असं वाटलं नव्हतं.

आईला आता उजव्या डोळ्याने उजेड तेवढा कळतो आणि डाव्याने कोणी आलं-गेलं तर सावली. म्हणून तर पत्रांचा हट्ट. फोनवर तू घाईत असतोस, पत्र तिला पुन्हा पुन्हा ऐकता येतं. दुपारी जेवण झालं की ती खुर्ची ओढून बसते आणि मी वाचतो.

वर्षभर तिचं एकच मागणं आहे, की आता निलयजवळ राहायचं. दोन वर्षांपूर्वी तूच लिहिलं होतंस की घर घेतलं, दक्षिणेची खोली आईसाठी राखून ठेवली आहे. तिने विचारलं म्हणून खिडकीचं मापही कळवलंस, पाच फूट रुंद, चार फूट उंच. शेजारच्या मितालीला बरोबर घेऊन ती बगरूला गेली, छपाईवाल्याकडे दोन तास बसून कापड हाताने चाचपून निवडलं, रंग मितालीला विचारले. पडदे शिवून तयार आहेत, आणि तू तक्ता पाठवतोस.

ती खोली आहे तर तिथे आई का नको, एवढंच सरळ कळव. थंडीत कान बांधत जा. आशीर्वाद आहेतच, ते रागातही चालू राहतात.

तुझे बाबा

*

डब्लिन
२५ जानेवारी २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

तक्त्याचा तुम्हाला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं. जयपूरचे आकडे माझे नाहीत, तुमचेच आहेत. चार वर्षांची तुमची पत्रं समोर ठेवून एकेक रकाना भरला. कस्तुरीबाई दिवसभर घरी असते, स्वयंपाक करते, आईला संध्याकाळी कृषी केंद्राच्या रस्त्याने फिरवून आणते. भाजीवाला दारात येतो. डॉक्टर निरोप पाठवला की घरी येतात. इथे दिवसभराची बाई ठेवायची तर माझा सगळा पगार तिला द्यावा लागेल आणि उरलेली कामं मलाच करावी लागतील. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळायला वर्ष जातं. या दिवसांत पाचलाच अंधार पडतो. आईला इथे आणून मी बसवणार कुठे आणि दाखवणार काय?

खोली आहेच, ती कुठे जात नाही. आईला सांगा, घाई नको. व्हिसाचे नियम जरा सैल झाले की बघू.

कस्तुरीबाईला माझा नमस्कार सांगा. तिच्यामुळे मी इथे निश्चिंत असतो. दोघांची माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा निलय

*

दुर्गापुरा, जयपूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. निलयला आशीर्वाद,

कस्तुरीबाईला तुझा नमस्कार कुठे पोचवू? दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला ती गावी गेली ती परत आलीच नाही. दुसरी बाई महिनाभरही टिकली नाही. पोळ्या मी लाटतो. गोल होत नाहीत, पण तुझ्या आईला दिसत नाहीत हे माझं नशीब. भाजीवाला यायचा बंद झाला, कारण गल्लीत फ्लॅट झाले आणि सगळे मोबाइलवर मागवतात. डॉक्टर घरी एकदाच आला होता, तोही शेजारचं घर समजून. आईला तपासायला जुन्या शहरात, चारदीवारीत न्यावं लागतं. ई-रिक्षात तिचा हात धरून बसायचं आणि सकाळपासून रांगेत. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात न्हाणीघरात घसरलो. आतून कडी होती. अर्धा तास ती बाहेर दार चाचपत हाका मारत होती आणि माझ्याने उठवत नव्हतं.

मग असं का लिहीत होतो, असं विचारशील. आमच्या घरची ती रीत आहे. नोकरीतली पहिली बदली कोट्याला झाली. तो उन्हाळा मी पंख्याशिवाय काढला आणि वर्ध्याला माझ्या आईला लिहिलं, इथे सगळं स्वस्त आणि उत्तम आहे. पुढे अजमेर, बिकानेर, जयपूर. प्रत्येक बदलीच्या गावाहून पहिलं पत्र तेच. तिने काळजी करणं सोडलं. मग मला बघायला येणंही सोडलं. मी ते तिच्या म्हातारपणावर ढकललं.

तेव्हा तो तक्ता फाडून टाक. त्यातला एकही आकडा खरा नाही. मी घराचा सौदा ठरवला आहे आणि इसारही घेतला आहे. चैत्र संपला की आम्ही निघतो. व्हिसा जितका मिळेल तितका मिळो. मला कुठेही टाक, आईला मात्र त्या दक्षिणेच्या खोलीत बसव. ती रोज पडद्यांच्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते.

रागाने लिहिलं आहे, पण लिहिलेलं खोडत नाही. तब्येत सांभाळ.

तुझे बाबा

*

डब्लिन
७ मार्च २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार,

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. इसार लगेच परत करा.

खोली नाही. कधीच नव्हती. नऊ वर्षं झाली इथे, मी सदतीस वर्षांचा आहे आणि एका घरात आम्ही सहा जण भाड्याने राहतो. माझ्या वाट्याला दिवाणखान्याचा अर्धा भाग आहे, मध्ये प्लायवूडचा आडोसा. त्यातही मी नशीबवान, कारण माझ्या बाजूला दार आहे. पगाराचा निम्म्याहून जास्त भाग या आडोशाला जातो. हा रकाना मी तक्त्यात घातला नाही.

खिडकीचं माप मात्र खरं होतं. एक घर बघायला गेलो होतो. फुटपाथवर चाळीस माणसांची रांग, आत प्रत्येकाला तीन मिनिटं. आईने आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, म्हणून त्या तीन मिनिटांत मी खिडकी मोजली. घर दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. मला तेवढं माप मिळालं, ते मी कळवलं.

तुमची रीत मी नीट शिकलो, बाबा. तुम्ही बाई ठेवलीत, मी खोली बांधली. आता परत ये म्हणाल. काय सांगून येऊ? आत्याच्या राजसने माझीच पत्रं वाचून इथे प्रवेश घेतला आहे. त्याचे वडील सगळ्यांना माझं उदाहरण देतात. तुमच्या न्हाणीघराचं वाचल्यापासून मला जेवण जात नाही आणि तरीही माझ्याने परतीचं तिकीट काढवत नाही. मला स्वतःची लाज वाटते, एवढं एक खरं लिहितो.

आईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला सुचत नाही.

तुमचा निलय

*

दुर्गापुरा, जयपूर
२९ मार्च २०२५

चि. निलयला आईचे आशीर्वाद,

मी सांगते आहे आणि मिताली लिहिते आहे. ती इथेच वाढली, हिंदी शाळेत शिकली, त्यामुळे मध्येच एखादा 'मतलब' आला तर तो तिचा.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या बाबांनी जेवणानंतर नेहमीप्रमाणे वाचून दाखवलं. व्हिसाचं अडलं आहे, पुढच्या वर्षी नक्की नेतो. मी म्हटलं, पुन्हा वाचा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा व्हिसा गेला होता आणि तिथला हिवाळा आला होता. मी म्हटलं, आणखी एकदा. तेव्हा ते चष्मा शोधतो म्हणून उठले आणि अंगणात जाऊन बसले. इतकी वर्षं खोटं लिहीत आले, पण तेच खोटं दोनदा वाचणं त्यांना जमलं नाही. दुसऱ्या दिवशी ते औषधं आणायला गेल्यावर मी त्यांच्या खणातून पत्र काढलं आणि मितालीला दिलं. वाचताना ती दोनदा थांबली. मी म्हटलं, थांबू नकोस.

तू कस्तुरीला नमस्कार पाठवलास तेव्हाच मला कळलं होतं की हे तुला काय लिहितात. त्यांना वाटतं, न दिसणाऱ्या पोळ्या मी गोल समजून खाते. डोळे गेलेत, बोटं आहेत. तुम्ही दोघांनी मला जपलंत असं तुम्हाला वाटतं. मला राग आला आहे, निलय, आणि तो लवकर जाणार नाही. तुझ्या त्या खोलीत मी दोन वर्षं मनाने राहिले. पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवलं होतं.

सौदा मोडला. घेणाऱ्याने इसार दुप्पट करून मागितला, दिला. बाबा हे तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

तुझ्या तक्त्यात तू आम्हाला तिकडे ठेवून पाहिलंस, इकडे ठेवून पाहिलंस. स्वतःला इकडे ठेवून पाहिलं नाहीस. घरात तीन खोल्या आणि दोन माणसं आहेत. मधली खोली पूर्वेची, सकाळचं ऊन येतं, ते मला गालावर कळतं. लोक बोलतील ते ऐकायला मी आहे. रिकाम्या हाताने ये, कुणाला काही सांगू नकोस, पण ये.

आणि येणार नसशील तर कारणं लिहू नकोस. ती बाबांना वाचावी लागतात आणि त्यांचा आवाज बसतो. त्या आडोशामागे खिडकी असेल तर तिचं खरं माप कळव. पडदे कपाटात पडून आहेत. कापड कापता येतं.

माझी माया तुला न मागताही मिळेल, तिची काळजी करू नकोस.

तुझी आई

*

डब्लिन
१९ एप्रिल २०२५

ती. आईला साष्टांग नमस्कार,

हे पत्र मितालीकडून वाचून घे, बाबांकडून नको.

तक्ता पुसून टाकला. राजसला सगळं खरं कळवलं. आत्याचा त्यानंतर फोन आलेला नाही.

खिडकी आहे. प्लायवूड बरोबर तिच्या मधोमध आलं आहे. अर्धी माझ्याकडे, अर्धी पलीकडे राहणाऱ्या ब्राझीलच्या माणसाकडे. सकाळी कामावर जायच्या आधी मोजली आणि परत आल्यावर पुन्हा मोजली. दोन्ही वेळा तेच आलं.

रुंदी दीड फूट, उंची साडेतीन.

एकच पडदा पाठव.

तुझा निलय