बाहेरच्या बाकावरून आत

अण्णा,

काल मी दारू मिळते अशा जागी बसून जेवलो. तुम्ही गेल्यापासून दुसऱ्या कुणाकडून हे तुम्हाला कळेल अशी भीती राहिली नाही, तरी आधी मीच सांगितलेलं बरं. जागा तुमच्या नातीची आहे. तुमच्या मांडीवर बसून खानावळीतल्या रेडिओचं बटण फिरवायची तीच. आता तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. इथं परदेशात, हॅमिल्टनमध्ये, मोठ्या रस्त्यावरचा एक जुना पब बंद पडायला आला होता, तो तिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं चालवायला घेतला. बिअरचा वास मुरलेला गालिचा उपटून टाकला, अंधाऱ्या काचा काढून मोठ्या खिडक्या बसवल्या, मॅच बघायला भिंतींवर टीव्ही लावले, कोपऱ्यात गाणाऱ्यांसाठी हातभर उंचीचा ओटा बांधला. हे सगळं मला फोटोतून माहीत होतं. उघडून कित्येक महिने झाले तरी मी आत पाऊल टाकलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी म्हणायचो, लेकीनं रेस्टॉरंट काढलंय. ती शेजारी उभी असायची, ऐकायची, काही बोलायची नाही.

परवा मात्र बोलली. “बाबा, आजोबांच्या खानावळीबद्दल तुम्ही मला लहानपणापासून सांगताय. माझी एकदा तरी बघा. नाही आवडली तर परत कधी म्हणणार नाही.” शेवटचं वाक्य तिनं भांडी पुसत, माझ्याकडं पाठ फिरवून म्हटलं. त्यावर मला रात्रभर झोप नाही. न जावं तर लेक कायमची गप्प होणार, आणि जावं तर तुम्ही. तुम्हाला मी कधी उलटून बोललो नाही. सातवीत शाळा सोडून शेगडीपाशी उभा राहा म्हणालात, राहिलो.

तर काल संध्याकाळी गेलो, आणि दारापाशी अडलो. दाराबाहेर एक लाकडी बाक आहे, त्यावर बसलो. मिरजेच्या स्टेशनसमोर आपल्या खानावळीच्या दारातही बाक होता, आठवतो? पिऊन आलेल्याला तुम्ही हाकलत नव्हता. “बाहेर बस, तिथं वाढतो,” म्हणायचात, आणि खरंच गरम भाकरी बाहेर नेऊन द्यायचात. पण उंबऱ्याच्या आत नाही. इथं पिणारे सगळे आत, आणि न पिणारा मी बाहेर, बर्फाच्या कडेला. बर्फ वितळावा म्हणून इथं पायरीवर मीठ टाकतात, ते नीट टाकलेलं नव्हतं. कुणी घसरून पडलं तर पोरीवर केस होईल, म्हणून मी बुटानं ते पसरत होतो, तेवढ्यात ती बाहेर आली. “बाबा! मायनस आठ आहे. इथं काय करताय?” मी म्हटलं, मीठ कमी पडलंय. ती म्हणाली, “आय नो, बाबा. आत चला आता, प्लीज.” तिच्या डाव्या खांद्यावर पांढरा नॅपकिन होता, अण्णा. चार बोटं रुंद घडी घातलेला, तुमचा असायचा तसा. मी कधी सांगितलं नव्हतं तिला. मी उठलो.

आत उजेड आहे. मला वाटलं होतं काळोख असेल, भांडणं असतील. एका बाजूला आईवडील मुलांना घेऊन जेवतायत, एका बाजूला टीव्हीवर हॉकी चाललीय, ओट्यावर एक मुलगी गिटार वाजवून हळू गातेय आणि गोल झाला की गाणं मध्येच थांबवून तीही ओरडतेय. भाजलेल्या कोंबडीला लेकीनं आपला हिरव्या मिरचीचा खर्डा लावलाय. गोरी माणसं डोळे पुसत खातात आणि वर आणखी मागतात. आणि ती टेबलांमधून फिरते. माणसाच्या तोंडाकडं नाही, आधी ताटाकडं बघते. मग विचारते. अण्णा, अगदी तुम्ही.

बारपाशी एक म्हातारा एकटा बसला होता. लेक म्हणाली, त्याची बायको टेकडीवरच्या हॉस्पिटलमध्ये आहे, भेटायची वेळ संपली की रोज येतो. म्हणून त्याच्यासमोरचा टीव्ही ती कधी बंद करत नाही. आपल्याकडं मिरजेत पेशंटांचे नातेवाईक असेच यायचे. त्यांच्यासाठीच तर तुम्ही रेडिओ घेतलात. एकट्या माणसाला भिंतीकडं बघत जेवायला लावू नये, म्हणायचात. आणि एकदा मी त्याच रेडिओवर कॉमेंटरी ऐकत राहिलो, गिऱ्हाइकाचं ताट रिकामं पडलं, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलात, “पाहुण्याचं रिकामं ताट दिसत नाही तुला? डोळे कशाला दिलेत?”

त्या म्हाताऱ्याचं ताट रिकामं होतं. मला बघवेना. स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाट्याच्या तळलेल्या कापांची परडी तयार होती, ती उचलली आणि जाऊन त्याच्या ताटात वाढलं. तो म्हणाला, आय डिडन्ट ऑर्डर धिस. मी म्हटलं, “टेक, टेक. लिटल.” त्यानं ताटावर आडवा हात धरला. आता आपल्यात हात आडवा धरणं म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. मी हाताच्या कडेनं आणखी वाढलं. काम करणारी पोरगी धावत आली, ती दुसऱ्या टेबलाची ऑर्डर होती. पहिल्याच दिवशी लेकीचं नाव घालवलं, हाच विचार. लेक आली, परडी बघितली, मला बघितलं आणि त्याला इंग्रजीत म्हणाली, “हे माझे वडील. यांच्या घरात दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. माझ्याही.” मग त्या दुसऱ्या टेबलाकडं जाऊन तेच सांगून आली. तिथली माणसं हसली आणि वळून माझ्याकडं हात केला. माझे वडील, असं ती भर पबात मोठ्यानं म्हणाली. मी मात्र मंडळात तिच्या जागेचं नावसुद्धा लपवून ठेवलं होतं. माझी छाती भरून आली, अण्णा, आणि खरं सांगायचं तर तुमच्या वाटणीचीही भरून आली. खानावळ बंद झाली तेव्हा वाटलं होतं, संपलं. संपलेलं नाही.

म्हाताऱ्यानं सगळं खाल्लं. मग शेजारची खुर्ची ओढली, मला बसवलं आणि माझ्यासमोर बिअरचा ग्लास मागवला. मी नो नो म्हटलं. ग्लासवर हात आडवा धरला. तो हसला, माझा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाला, “टेक, टेक. लिटल.”

लांबून लेक बघत होती. मी काय करायला हवं होतं? आग्रह मोडू नये, हे तुम्हीच शिकवलंत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, घडी करून औषधांच्या डब्याखाली ठेवीन. मंडळात या रविवारी पब हा शब्द मी स्वतः उच्चारणार आहे. आणि एक. फक्त एक घोट घेतला, असं लिहायचं ठरवून बसलो होतो. तसं नाही. कडू लागली, तरी ग्लास रिकामा करूनच उठलो. पानात टाकायची आपल्याकडं पद्धत नव्हती.