चुंबक काढल्यावरही उरलेला रोध

मी, शेख शफी शेख हुसैन, वय चौसष्ट, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार बाबूपेठ, चंद्रपूर, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे ठोके ठिकाणावर नाहीत असे डॉक्टर म्हणतात, पण त्याचा या निर्णयांशी संबंध नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. या आठवड्यात हा कागद मी चारदा फाडला. हा पाचवा, आणि आता हाच कायम.

१. घर व बँकेतील ठेव यांचे हिस्से शरियतने ठरवलेले आहेत. पत्नी नूरी, मुलगा आरिफ आणि मुलगी मदीहा यांनी ते त्याप्रमाणे घ्यावेत. पुढची खोली भाड्याने द्या, असे आरिफ म्हणेल. नूरीने तिच्या मनाला येईल ते करावे.

२. एक तृतीयांशापर्यंत मला वारसांबाहेर देता येते. त्यातून पुढील सामान भागीरथा इस्तारी शेंडे, विज्ञान शिक्षिका, आश्रमशाळा, तालुका धानोरा, यांना द्यावे: विजेची छोटी भट्टी (विटा गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या), मायक्रोव्होल्ट मोजणारे मीटर, नायट्रोजनचे भांडे, माझा भाऊ अल्ताफ याच्या दुकानातल्या फुटक्या लाउडस्पीकरचे चुंबक, आणि तिच्या मोजमापांची १९९५ ची निळी वही. हे सर्व माझ्या पगारातले आहे, कॉलेजचे काही नाही. आरिफला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अब्बा, ते भंगार कोण मागून राह्यलं?" ही त्याची संमती समजावी.

३. सामान तिलाच का, हे वारसांना कळले पाहिजे.

भागीरथा १९९५ साली माझ्याकडे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील इस्तारी हे गावच्या तलावात मासे धरत. तिने यिट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची काळी चकती भाजून तयार केली होती. दिसायला खापरीचा तुकडा; पण उणे एकशे ब्याऐंशी अंशांच्या आसपास थंड केली की विजेला होणारा तिचा रोध नाहीसा होतो. द्रवरूप नायट्रोजन त्याहून थंड. तो आम्हाला जनावरांच्या दवाखान्यातून सुरेंद्रभाऊ देत. तिथे वळूंचे रेत गोठवून ठेवायला तो येई.

चकती नायट्रोजनमध्ये बुडवली, मीटरवर शून्य आले. भागीरथाने चुंबक जवळ नेले, आकडा चढला. चुंबक दूर केले. आकडा उतरला, पण शून्यावर आला नाही.

मी म्हणालो, "तारांचे जोड सैल आहेत. नीट चिकटवले नाहीस."

"नाई सर. चुंबकाचा असर आत अडकला असन. चकती बाहेर काढून गरम होऊ द्या, मंग परत बुडवू. शून्य येईन."

"चुंबक तर माझ्या हातात आहे. आत काय अडकणार?"

"एकडाव पाहू तर द्या."

"नायट्रोजन संपत आला. मला मीटिंगला जायचे आहे."

मला एका जागी दहा मिनिटे बसवत नाही, तेव्हाही बसवत नसे. तिच्या अहवालावर मी 'मोजमाप सदोष' असा शेरा मारला. वास्तविक आम्ही वापरत होतो त्या चार तारांच्या पद्धतीत जोडांचा रोध मापनात येतच नाही. हे मी वीस वर्षे फळ्यावर शिकवत होतो. भागीरथाला चोपन्न टक्के मिळाले. प्राध्यापक व्हायला पंचावन्न लागत.

१९९८ साली तीच चकती मी एकटा घेऊन बसलो. चुंबक लावून काढले, आकडा उरला. चकती गरम केली, पुन्हा बुडवली. शून्य. मग निरनिराळ्या तापमानांना मोजत गेलो. चुंबक असले तरी रोध घसरू लागतो त्याच तापमानाला. पण शून्य गाठायला कितीतरी जास्त थंड करावे लागते. कारण चकती म्हणजे चिकटलेले असंख्य कण. कणांमधले सांधे कच्चे असतात, थोड्या चुंबकीय क्षेत्रानेही तिथे वीज अडते. शिवाय कणांच्या आत काही क्षेत्र अडकून राहते, ते चकती गरम झाल्यावरच सुटते. बाहेरच्या जगात हे छापून आले होते. आमच्यापर्यंत ती मासिके पोहोचत नसत. ती मुलगी ते न वाचता, नुसते पाहून सांगत होती.

नागपूरच्या परिषदेत हे आलेख मी माझ्या नावाने दाखवले. टाळ्या पडल्या. तिचे नाव मी घेतले नाही. त्या दिवसापासून मला धड झोप नाही. नूरीला वाटते, मधुमेहामुळे.

४. हे कलम मी आधी असे लिहिले होते: 'खरा प्रकार सांगणारे सोबतचे पत्र आरिफने माझ्या मृत्यूनंतर विद्यापीठाला व परिषदेच्या संयोजकांना पाठवावे.' गेल्या रविवारी बसने धानोऱ्याला जाऊन मी ते भागीरथाला वाचून दाखवले. शाळेच्या आवारातल्या खोलीत ती वह्या तपासत होती. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"सर, मले तवाच माहीत होतं."

"मग जोर देऊन का बोलली नाहीस?"

"बोलली होती. तुम्ही घड्याळ पाहून राह्यले होते."

ती म्हणाली, "सामान द्या. पोरायले दाखवीन. नायट्रोजनचं मी पाहून घेईन. पण हे पत्र तुम्ही मेल्यावर काऊन?"

"तसे लिहायची रीत आहे."

"जित्तेपणी कोनी विचारन म्हणून भेता का?"

मी घड्याळाकडे पाहिले. होय, हेच उत्तर होते. तिने चहा आणून ठेवला आणि पुन्हा वह्या तपासायला घेतल्या. चहा पिऊन मी बस धरली.

तरी कलम ४ रद्द समजावे. दोन्ही पत्रे आज सकाळी मी स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवली आहेत. पावत्या नूरीकडे आहेत. का, तेही तिला सांगितले. कलम २ मधील सामानासाठीही कोणी माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या शनिवारी मी ते घेऊन धानोऱ्याला जाणार आहे. तोवर मी गेलो, तर अल्ताफने पोहोचवावे.

पत्रांवरून कोणी विचारायला आले, तर मी घरीच आहे.

चंद्रपूर, बुधवार, ११ ऑगस्ट २००४
(सही) शेख शफी शेख हुसैन

वर सही करणाऱ्याने आम्हा दोघांसमोर, कागद मोठ्याने वाचून मग सही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: (सही) सुरेंद्र नान्हे, निवृत्त कर्मचारी, जनावरांचा दवाखाना
साक्षीदार: (सही) शेख अल्ताफ शेख हुसैन, रेडिओ व लाउडस्पीकर दुरुस्ती