चळत आणि खुंट्या

सोमवार, १२ जानेवारी

आज सकाळी पडाव भागातल्या ऑफिसात शिरलो आणि पहिलं काम हे केलं – हाताखालच्या गरिमाचा प्रोग्रॅम न चालवताच नापास केला!

डेअऱ्यांतल्या दूध संकलनाच्या मशीनमध्ये दुधाचा दर माझं व्हर्च्युअल मशीन काढतं, म्हणजे मशीनच्या आत चालणारा माझा हिशेबी प्रोग्रॅम. स्टॅक, म्हणजे ताटांची चळत. आकडा वर ठेवा, वरचाच उचला. साधं, स्वच्छ. बाईसाहेबांना ते जुनाट वाटतं! त्यांना रजिस्टर हवेत – प्रत्येक आकड्याला स्वतःची खुंटी. पुण्याहून उचललेली फॅशन. मी गावच्या शाळेत जमिनीवर बसून शिकलो, मला फॅशन कळत नाही.

गरिमा म्हणाली, "सर, एक बार चलाके तो बघा!"

नाही बघत.

मंगळवार, १३ जानेवारी

मालक अंबरीशला दोन्हींतलं काही कळत नाही. रजिस्टर हा शब्द मात्र टायसारखा गळ्यात घालून फिरतो.

"पंडितजी, आता एकच माणूस परवडतो. ज्याचा प्रोग्रॅम मशीनवर चढेल, तो राहील. ठरवा तुम्हीच."

मीच! हसू आलं. गरिमाच्या पगारावर तिचं मुरार भागातलं घर चालतं, आई विजयाबाई आजारी. ते मी का पाहू?

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गरिमा तिळगूळ घेऊन आली. घेतला. गोड बोललो नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

गरिमाला म्हटलं, "तुझ्या प्रोग्रॅममधली एकेक सूचना माझ्या सूचनेपेक्षा जाड आहे."

"जाड आहे काका, पण सूचना किती कमी! मशीन दर सूचनेला थांबतं ना?"

नापास केलं की सरांचा काका होतो. उद्धट!

शुक्रवार, १६ जानेवारी

पूजेला देव ताम्हणात घेत होतो. प्रत्येकाची देव्हाऱ्यात ठरलेली जागा. एकावर एक रचले असते, तर तळाच्या बाळकृष्णासाठी वरचे सगळे आधी उचलावे लागले असते. हात थांबला. देवापुढे हे असले विचार!

तिचं खोटं पाडायलाच बिर्लानगरच्या डेअरीत गेलो. आधी माझं चालवलं. दराची चिठ्ठी येईपर्यंत बायका कॅन खाली ठेवून गप्पा मारत. मग तिचं. कॅन खाली टेकतो न टेकतो तोच चिठ्ठी!

डेअरीवाला म्हणाला, "अरे भाईसाहब, ये पहले क्यों नहीं किया?"

चिठ्ठी खिशात घातली.

शनिवार, १७ जानेवारी

अंबरीश मूर्खच आहे. गरिमा उद्धटच आहे.

सगळ्या मशीनवर तिचं चढवलं. माझं पुसलं. टेबल रिकामं केलं.