मागचा ब्रेक

अर्जुनी मोरगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. खुमेंद्र यास ताईचे आशीर्वाद, मायचे त्याहून जास्त.

तुझं पार्सल पोहोचलं. मायला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितोस, ते तिला फार आवडते. पण चार पानांत खुशालीची एक ओळ आणि बाकी सारी सायकल! काल मी वाचून दाखवलं तर विचारून राहिली, हा पोरगा सायकल चालवते की सायकलचं लग्न लावून राहिला?

तुझं जुनं हँडल आणि सीट माझ्या सायकलला बसवली. मी बॅटरीच्या सायकलवर आपल्या प्रतापगडाखालच्या वाड्या-टोल्यांत जनावरांना लस टोचत फिरते, तू तसल्याच सायकलवर डोंगरातली शर्यत मारणार; तुला नको झालेलं सामान मला कामी येते. पण पाठ दुखते लिहिलंस, त्याला सामान काय करणार? तुला मधल्या मापाची फ्रेम पाहिजे होती. दुकानात लार्ज रुबाबदार दिसली म्हणून तू ती घेतलीस.

औषध लावत जा. आठवण ठेव.

तुझी ताई,
ओमेश्वरी

पुणे,
२३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस आणि मायला साष्टांग नमस्कार.

फ्रेम बरोबर आहे. दोष हँडलच्या दांडीचा होता. आखूड दांडी लावली, सीट पुढे सरकवली. पाठ अजून दुखते, पण आता वेगळ्या जागी, म्हणजे सुधारणा आहे. बॅटरीही मोठी घेतली. आणि ब्रेक! चार पिस्टनचे, डिस्क ताटलीएवढी. एक बोट टेकवलं की सायकल जागच्या जागी. शर्यत १४ डिसेंबरला आहे. ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय, आता माघार नाही.

सध्या सराव होत नाही, कारण दर रविवारी काहीतरी बसवायचं असतं. मायला सांग, लग्न अजून ठरतंय.

माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुझा,
खुमेंद्र

अर्जुनी मोरगाव,
९ नोव्हेंबर २०२५

चि. खुमेंद्र यास आशीर्वाद.

घाबरू नकोस, मी बरी आहे. परवा डोंगरावरच्या टोल्यातून उतरताना मागचा ब्रेक हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी सायकल थांबेना. मागे लसीचा बर्फाचा डबा, समोर वळण. सायकल घाणेरीच्या झुडपात घातली. कोपर सोलपटलं. बकाराम धावत आला, त्यानं आधी डबा उचलला, मग मला. त्याच्या म्हशीची लस राहिली होती ना!

माय म्हणते सायकल इकून टाक. पण वरच्या दोन टोल्यांत अजून लस व्हायची आहे आणि शेजारच्या गावात लाळ्या-खुरकूत लागलाय. तिथवर गाडी जात नाही, पायी जाईपर्यंत बर्फ विरघळते. चुन्नीलालच्या सायकलच्या दुकानात या ब्रेकचे पॅड नाहीत. तेवढे पॅड लवकर पाठव.

वाट पाहते.

ताई

पुणे,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून लगेच पाना हातात घेतला. पॅड कशाला, माझे नवे ब्रेकच डिस्कसकट काढून पाठवतोय. सोबतचा छोटा तुकडा मोठी डिस्क बसवण्यासाठी आहे, तो विसरू नकोस. डिस्कला तेलकट हात लावू नकोस. आधी सपाट रस्त्यावर पुन्हा पुन्हा वेग घेऊन ब्रेक दाब, मगच डोंगर.

शर्यतीचं नाव मागे घेतलं. बहिणीच्या जिवापुढे शर्यत काय? ऑफिसात सांगितलं, सगळे गहिवरले. आश्चर्य म्हणजे त्या दिवसापासून पाठही दुखायची थांबली.

मायला जप.

तुझा,
खुमेंद्र

अर्जुनी मोरगाव,
३० नोव्हेंबर २०२५

चि. खुमेंद्र यास पोटभर आशीर्वाद.

ब्रेक बसले. तुझी फ्रेम मोठी म्हणून ब्रेकची नळी लांब निघाली, चुन्नीलालनं गुंडाळून बांधली. त्याच उतारावर मुद्दाम दाबून पाहिले. सायकल थांबली, मीच पुढे जाणार होते. दोन्ही टोले झाले. रोग शेजारच्या गावातच राहिला. बकाराम आता माझ्याआधी सायकलला रामराम करते.

तुझं पत्र वाचलं तेव्हा माय रडली. भावानं बहिणीसाठी शर्यत सोडली, असं गल्लीभर सांगून आली. रात्री जेवताना मात्र हात थांबला तिचा. म्हणाली, ओमेश्वरीनं तर पॅडच मागितले होते. काऊन वो, पुण्यात पॅड भेटत नाहीत?

मी सांगितलं, नाही भेटत.

हे पत्र तिला वाचून दाखवणार नाही. तू संक्रांतीला ये, आणि कोणी पाठ थोपटली तर गुमान थोपटून घे. ब्रेक परत मागू नकोस.

तुझी,
ताई